पट्टा सोडल्यावर

“हलू नकोस. आणि श्वास कोंडून धरू नकोस, कुणी तुला पाण्यात बुडवत नाहीये,” सिस्टर म्हणाल्या आणि दोन्ही हातांतले रबरी फुगे त्यांनी एकदम दाबायला सुरुवात केली.

तपासणीच्या टेबलावर बावीस वर्षांची एक मुलगी उताणी पडली होती. तिच्या दोन्ही दंडांना ब्लडप्रेशरचे पट्टे बांधले होते. डोक्याशी स्टुलावर सिस्टर बसल्या होत्या आणि शेजारी उभ्या राहून नव्या डॉक्टर मॅडम मुलीची छाती ऐकत होत्या. मुलगी अग्निशमन दलात भरती व्हायला आली होती. धावणं झालं होतं, दोरावर चढणं झालं होतं, खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन तीन मजल्यांची शिडी चढणं-उतरणं झालं होतं. आता ही शेवटची खोली. इथून बाहेर पडताना जो कागद मिळायचा त्यावर पात्र नाहीतर अपात्र, एवढा एकच शब्द असायचा.

“मॅडम, हात बधिर व्हायला लागलेत,” मुलगी म्हणाली.

“आगीत शिरायचंय ना तुला? मग एवढ्याने काय होतंय?” सिस्टर म्हणाल्या. बत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की ते आता तोंडातून आपोआप बाहेर पडायचं.

दुसरीकडे कुठेही ब्लडप्रेशर बघतात, पट्टा काढून ठेवतात आणि मग सावकाश छाती ऐकतात. या खोलीत तसं नव्हतं. इथले पहिले डॉक्टर, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे, त्यांनी घालून दिलेली पद्धत वेगळी होती. भरतीच्या दिवसांत बाहेर शंभर-शंभर जणांची रांग लागायची आणि मोठ्या डॉक्टरांना दोन्ही कामं एका दमात उरकायची असायची. सिस्टरांनी दोन्ही दंड आवळायचे, त्याच वेळी डॉक्टरांनी छाती ऐकायची, आणि त्यांचं ऐकून झालं की सिस्टरांनी एकेका हाताची हवा सोडत आकडे घ्यायचे. हवा सोडायची ती डॉक्टरांनी मान हलवल्यावरच, कारण हवा सुटतानाचा तो सूं आवाज मोठ्या डॉक्टरांना अजिबात खपायचा नाही. “सिस्टर, तुमचा तो कुकर बंद ठेवा,” म्हणून ते पहिल्याच आठवड्यात खेकसले होते. तेव्हापासून डॉक्टर ऐकत असेपर्यंत सिस्टर दोन्ही पट्टे गच्च फुगवून धरत. मोठे डॉक्टर गेले, त्यांच्यामागून चार डॉक्टर आले आणि गेले. नवा डॉक्टर आला की पहिल्याच दिवशी सिस्टर त्याला सांगत, “इथली पद्धत अशी आहे.” तो बिचारा मान डोलवायचा. सिस्टरांपुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

टाप नव्हती ती सिस्टरांच्या कानामुळे. पाऱ्याचा आकडा त्या इतक्या अचूक सांगत, की डॉक्टर पुन्हा बघायच्या भानगडीत पडत नसत. पलीकडच्या खोलीतला नळ गळत असला तरी त्यांना इथे बसून कळायचं. माणसाला कशाचा ना कशाचा तोरा असतो. सिस्टरांना कानाचा होता, आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. “सिस्टर, जरा तसंच धरा.”

हे शब्द ऐकले की पुढचं सिस्टरांना कळायचं. वर्षाकाठी दोघातिघांच्या छातीत ते सापडायचं. लब् आणि डब् या दोन ठोक्यांच्या मधोमध एक बारीक फूं, दाराच्या फटीतून वारा आत यावा तसं. त्याला मर्मर म्हणतात. हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं, असा त्याचा अर्थ. फॉर्मवर मर्मर लिहिलं की खाली अपात्र लिहायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नसायचं.

“मर्मर आहे,” मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या.

मुलीला शब्द कळला नाही, पण मॅडमचा चेहरा कळला. “म्हणजे काय, मॅडम? माझं होणार नाही का? मॅडम, मी दोनदा येऊन गेलेय, ही शेवटची संधी आहे, पुढच्या वर्षी वय बसत नाही.”

“गप्प पडून राहा,” सिस्टर म्हणाल्या, आणि तेवढ्यात उजव्या पट्ट्याची रबरी नळी फट्कन सुटली.

नळी जुनीच होती, दोनदा चिकटपट्टी लावून झाली होती. सिस्टर दचकल्या आणि त्या गडबडीत डाव्या हातातल्या फुग्याचा स्क्रूही सैल झाला. दोन्ही पट्टे फुस्स करून बसले. सिस्टर स्वतःवरच चरफडल्या. बत्तीस वर्षांत डॉक्टर ऐकत असताना त्यांनी हवा सोडली नव्हती.

मॅडमनी मात्र स्टेथोस्कोप छातीवरून हलवला नव्हता. “गेला,” त्या म्हणाल्या.

“काय गेलं?”

“आवाज. आत्ता होता, आता नाहीये.”

“असं कसं होईल?” सिस्टर म्हणाल्या. कपाटातून त्यांनी नवी नळी काढली, बसवली आणि पुन्हा दोन्ही पट्टे फुगवले. मॅडमनी ऐकलं. मग त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढून सिस्टरांपुढे धरला. “तुम्हीच ऐका. फुगे माझ्याकडे द्या.”

सिस्टरांनी ऐकलं. लब्, फूं, डब्. लब्, फूं, डब्. मॅडमनी दोन्ही स्क्रू सोडले. पारा खाली आला, मुलीने बोटं हलवली, आणि तिच्या छातीत नुसतं लब्-डब् उरलं, धुतल्यासारखं स्वच्छ. मॅडमनी पुन्हा फुगे दाबले. थोड्या वेळात फूं परत आलं. पुन्हा सोडले. पुन्हा गेलं.

मॅडम हसल्या. वयाने तिशीच्या आतबाहेरच्या, मोकळ्या स्वभावाच्या होत्या. “सिस्टर, ही मर्मर तिच्या छातीतली नाहीच. तुमच्या हातातली आहे!”

सिस्टर हसल्या नाहीत.

“अहो, सोपं आहे,” मॅडम म्हणाल्या. “दोन्ही दंड इतके आवळले की रक्ताची तिकडची वाट बंद. मग हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. एखाद्याच्या झडपेत केसाएवढी फट असली, जन्मात कधी त्रास न देणारी, तर ती अशा वेळी बोलायला लागते. पट्टा सोडला की गप्प. आम्हाला शिकवलंय हे. आवाज मुद्दाम मोठा करून ऐकायचा असला तर असंच करतात. माझ्याच डोक्यात आलं नाही बघा, इथली पद्धत म्हणून मीही ऐकत बसले.”

“शिकवतात?” सिस्टरांनी विचारलं. “म्हणजे पुस्तकात आहे?”

“आहे की.”

“मोठ्या डॉक्टरांनाही माहीत असेल?”

“असेलही, नसेलही. घाई असायची म्हणता ना.” मॅडमनी फॉर्म पुढे ओढला, ‘पात्र’ लिहिलं आणि सही केली. मुलगी टेबलावरून उठली ती रडतच. तिने आधी मॅडमच्या, मग सिस्टरांच्या पायाला हात लावला. सिस्टरांनी पाय मागे घेतले.

मुलगी गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, ज्यांना आपण परत पाठवलं, त्यांचं काय?”

“कुणाला?”

“आधीच्यांना. वर्षाला दोन-तीन असायचे.”

मॅडम पेनाचं टोपण लावता लावता थांबल्या. मग खांदे उडवून म्हणाल्या, “त्याला आता काय करणार, सिस्टर? उद्यापासून आधी छाती, मग पट्टा, एवढं करू या. आणि ते काय तसेच बसले असतील का? बाहेर दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं असेल. माणसं दाखवतातच.”

सिस्टरांनी दोन्ही पट्टे गुंडाळून पेटीत ठेवले. सगळी माणसं दाखवत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

बत्तीस वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यांचा धाकटा भाऊ झोपला होता. सिस्टर तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. भाऊ एकवीस वर्षांचा. पोहण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. वाळूचं पोतं घेऊन शिडी चढला तेव्हा खाली उभे असलेले जवान, भर्रकन गेला हो, असं म्हणाले होते. आपला भाऊ म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून सिस्टरांनी इतरांचे पट्टे दोनशेपर्यंत फुगवले होते ते त्याचे दोनशेवीसपर्यंत फुगवले. तो दात-ओठ खात होता आणि तरी त्यांच्याकडे बघून डोळा मिचकावत होता. मोठे डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. सिस्टरांची बोटं भरून आली, पण त्यांनी हवा सोडली नाही.

मग मोठ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप सिस्टरांच्या कानाला लावला. “या, ऐका. इतकी स्पष्ट मर्मर नेहमी मिळत नाही.” आणि सिस्टरांनी ऐकली. आयुष्यात ऐकलेली ती पहिली मर्मर, आणि ती सख्ख्या भावाच्या छातीतली.

घरी आई म्हणाली होती, “दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवू या गं. घोड्यासारखा धावतो पोरगा. एकाच्या सांगण्यावर कशाला विश्वास ठेवायचा?”

तेव्हा सिस्टर म्हणाल्या होत्या, “एकाच्या नाही, आई. मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

झालं. लेक नर्स, तिने कानांनी ऐकलेलं. आईने त्यानंतर तोंडातून शब्द काढला नाही. भावाने पोहणं सोडलं. चौथ्या मजल्यावरची हवेशीर जागा सोडून त्याच इमारतीतल्या तळमजल्याच्या दोन ओलसर खोल्यांत बिऱ्हाड आलं, कारण त्याला जिने नकोत. बादली उचलायची नाही, सिलिंडर सरकवायचा नाही, चढावर चालताना बोलायचं नाही. आईच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असायचा, हळू. आई गेल्यावर तो सिस्टरांच्या तोंडी आला. इमारतीतली पोरं भावाला हळूकाका म्हणायला लागली आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. लग्न त्याने केलं नाही. कुणाच्या मुलीला कशाला फसवायचं, म्हणाला. सिस्टरांचं एकदा जमत आलं होतं. औषधांच्या दुकानातला माणूस होता, चांगला होता. त्याने एकदाच विचारलं, “भाऊ किती दिवस आपल्याकडे राहील?” सिस्टर म्हणाल्या, “तो असेल तोवर.” ते प्रकरण तिथेच मिटलं.

एकदा, फक्त एकदा, हे उघड व्हायची वेळ आली होती. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी भावाला खोकल्यासाठी तपासलं आणि म्हणाले, “कसली मर्मर? मला तर काही ऐकू येत नाही.” सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. म्हाताऱ्याचे कान गेलेत, असं त्या घरी येऊन म्हणाल्या. वर हसल्याही. त्या स्वतः दर रविवारी भावाचं ब्लडप्रेशर बघायच्या, कोपरापाशी स्टेथोस्कोप लावून आकडा घ्यायच्या. तिथून छाती वीतभर लांब. पण ती वीत त्यांनी कधी ओलांडली नाही. एकदा ऐकलेलं जन्माला पुरलं होतं, पुन्हा ऐकायची छाती नव्हती.

त्या दिवशी सिस्टर लवकर निघाल्या. निवृत्तीला बारा दिवस राहिले होते. मनात एकसारखं येत होतं, की हे कुणाला कळणार आहे? मॅडम दोन दिवसांत विसरतील. भाऊ त्रेपन्न वर्षांचा झाला, आता त्याला कोण आगीत पाठवणार आहे? सांगून त्याचं काय भलं होणार? गप्प बसलं तर निदान जे चाललंय ते तसंच चालेल. असा सगळा हिशोब त्यांनी चालता चालता मांडला, आणि पाय मात्र घराकडे न वळता पोहण्याच्या तलावाकडे वळले.

भाऊ तिथे तिकीटखिडकीत बसायचा. एकोणतीस वर्षं. बसून करायचं काम म्हणून सिस्टरांनीच कुणाच्या तरी हातापाया पडून ते मिळवून दिलं होतं. खिडकीच्या मागे भिंत, भिंतीच्या मागे पाणी. दिवसभर पाठीमागे लोकांच्या उड्या ऐकायच्या आणि पुढ्यात तिकिटं फाडायची. खिडकीपाशी एक पोट सुटलेला गृहस्थ उभा होता.

“डॉक्टरचा दाखला आणलाय का?” भाऊ विचारत होता.

“अहो, मला काही झालेलं नाही.”

“तसं प्रत्येकाला वाटतं, साहेब. हृदयाचं कळत नाही बाहेरून. दाखला घेऊन या, मग खुशाल पोहा.” तो समजावून सांगत होता, आपुलकीने. मग त्याची नजर सिस्टरांवर गेली. “ताई? तू इथे? बरं नाही का?”

“बरी आहे. लवकर सुटले. म्हटलं बरोबर जाऊ.”

“थांब, दहा मिनिटं. ऊन आहे, सावलीत उभी राहा.”

दोघं घरी निघाली. भाऊ चालायचा तो मोजून-मापून, दर विजेच्या खांबापाशी क्षणभर थांबून. सिस्टरांची चाल मुळात झपझप, पण त्याच्याबरोबर असल्या की त्यांचे पाय आपोआप आखडायचे. इमारतीच्या फाटकात पोरं खेळत होती. “हळूकाका आले, चेंडू धरा रे!” एकाने हाकाटी केली. भावाने हसून हात वर केला.

घरात आल्यावर त्याने चपला भिंतीशी लावून ठेवल्या, पाणी प्यायला आणि खुर्चीत बसला. सिस्टर उभ्याच राहिल्या. बसलं तर सांगवणार नाही, असं त्यांना वाटलं.

“तुझ्या हृदयाला काही झालेलं नाहीये,” त्या म्हणाल्या.

“बरं आहे की मग,” तो म्हणाला. त्याला वाटलं, ताई नेहमीसारखा धीर देतेय.

“तसं नाही. कधीच काही झालेलं नव्हतं. तेव्हाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी, सुटलेली नळी, मॅडमचं बोलणं. दंड आवळले की आवाज येतो आणि सोडले की जातो. आपण दोनशेवीसपर्यंत फुगवले होते आणि सोडले नव्हते. त्यांनी एकही गोष्ट गाळली नाही, मोठ्या डॉक्टरांवर ढकललीही नाही. भाऊ तिकीटखिडकीत बसतो तसा, दोन्ही हात पुढ्यात ठेवून ऐकत होता.

तो म्हणाला, “मग ऐक की.”

“काय?”

“छाती. तू स्वतः ऐक.”

सिस्टरांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. भावाने शर्टाची वरची तीन बटणं काढली. त्याच्या छातीवरचे केस पांढरे झाले होते, हे सिस्टरांना आज दिसलं. त्यांनी वाटी टेकवली. लब्-डब्. लब्-डब्. मध्ये काही नाही. त्यांनी जागा बदलली, डाव्या कुशीला लावून बघितलं, श्वास सोडायला लावून बघितलं. बत्तीस वर्षं दोन खोल्यांत त्यांच्याबरोबर राहिलेलं ते हृदय एखाद्या शहाण्या मुलासारखं आपलं काम करत होतं.

“काय?” भावाने विचारलं.

“काही नाही. स्वच्छ आहे.”

“नीट ऐकलंस? तुझा कान म्हणजे...”

“माझ्या कानाचं नाव काढू नकोस,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. कामाच्या ठिकाणी त्यांना कुणी कधी रडताना बघितलं नव्हतं, घरीही आई गेली तेव्हाच काय ते.

भावाने बटणं लावली. एक चुकलं, ते काढून पुन्हा लावलं. “गल्लीतले म्हातारे डॉक्टर म्हणाले होते,” तो म्हणाला. “त्यांनी काही नाही म्हटल्यावर मी तुझ्याकडे बघितलं होतं, ताई. आठवतंय?”

“आठवतंय.”

“तू मान हलवलीस. नाही म्हणून.”

“हो.”

“मी एवढंच बघितलं. त्यांचं पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पाण्याचा पेला भिंतीवर फेकला असता, माझ्या जन्माचं वाटोळं केलंस म्हणाला असता, तर सिस्टरांनी पदर पसरून ते घेतलं असतं. पण ओरडायची त्याला सवयच राहिली नव्हती. चढ्या आवाजात बोलायचं नाही, छातीवर ताण येतो, असं त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

“मला शिव्या दे,” त्या म्हणाल्या. “काहीतरी बोल.”

“काय बोलू? तू तरी कुठे सुखात राहिलीस.” तो उठला. दारापाशी जाऊन त्याने बाहेरच्या उजेडाचा अंदाज घेतला. “गच्चीवर कपडे आहेत ना?”

“आहेत. मी आणते.”

“बस तू,” भाऊ म्हणाला.

त्याने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. सिस्टर त्याच्यामागे जिन्याच्या तोंडाशी आल्या. या जिन्याची पहिली पायरी त्याने बत्तीस वर्षांत चढली नव्हती. पोरांचा चेंडू दुसऱ्या पायरीवर पडला तरी तो दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगायचा. आता तो कठड्याला हात न लावता चढत होता. पहिलं वळण आलं, तो दिसेनासा झाला.

“हळू रे!” सिस्टर ओरडल्या.

ओरडल्या आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. वर पावलं थांबली. मग पावलं पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी ती दोन-दोन पायऱ्यांची होती. सिस्टर खाली उभ्या राहून ऐकत होत्या. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर कुणीतरी दार उघडून “अगंबाई, हळूकाका!” म्हणालं, त्याला त्याने उत्तर दिलं नाही. चौथा. मग गच्चीच्या पत्र्याच्या दाराची कडी. त्यानंतर काही नाही. सिस्टरांनी कान लावून बघितलं, कठड्याला डोकं टेकून बघितलं. वरून कसलाही आवाज येत नव्हता. वर जावं असं त्यांना वाटलं, पण पाय उचलला नाही. तो हक्क आता आपला राहिला नाही, असं काहीसं त्यांना वाटत होतं.

बऱ्याच वेळाने, जिन्यातले दिवे लागल्यावर, तो उतरला. वाळलेल्या कपड्यांचं बोचकं त्याने खांद्यावर घेतलं होतं, एका हाताने धरून. तो सरळ घरात गेला आणि पलंगावर बोचकं टाकून घड्या घालायला बसला. घड्या घालणं हे त्याचं रोजचं काम होतं, हलकं म्हणून दिलेलं.

“वरून फायर ब्रिगेडचं फाटक अजून दिसतं,” तो म्हणाला.

“हो.”

“सरावाची शिडीपण दिसते. आत्ता पोरं चढत होती. एक मुलगी होती त्यांच्यात.”

“हो.”

“तू रोज जातेस कपडे वाळत घालायला. कधी बोलली नाहीस.”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

त्याने मान डोलवली, जणू काही हे उत्तर त्याला अपेक्षितच होतं. टॉवेल झाले, चादर झाली, त्याचे स्वतःचे दोन शर्ट झाले. शेवटी सिस्टरांचा पांढरा गणवेश उरला. तो त्याने पलंगावर पसरला, कॉलर सरळ केली, बाह्या तळहाताने दाबून सपाट केल्या आणि नीट चौकोनी घडी करून त्यांच्या बाजूला ठेवला.

“बारा दिवस राहिले ना?” त्याने विचारलं.

“बारा.”

“मग हा इस्त्रीला टाकायला पाहिजे. उद्या जाताना मी देतो.”

सिस्टर दाराला टेकून उभ्या होत्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या भावाचा श्वास त्यांना तिथूनही स्पष्ट ऐकू येत होता. त्याला दम लागला होता. चार मजले चढून उतरल्यावर कुणालाही लागतो, तेवढाच.